प्रार्थनेसाठी म्हणून

त्याला सगळे आमेनभाऊ म्हणत. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर आणि लग्नाच्या दाखल्यावर तेवढं उरलं होतं. चर्चच्या मंडळीत कुणीही प्रार्थना करत असो, त्याचं शेवटचं वाक्य पुरतं बाहेर पडायच्या आत मागच्या बाकावरून एक भरघोस ‘आमेन’ येऊन आदळायचा. नवखा माणूस दचकून मागे बघायचा. जुनी माणसं नुसती हसायची.

पोटासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या पन्नासेक इमारती त्याच्या आणि त्याच्या जोडीदाराच्या वाट्याला होत्या. जोडीदार मंडळीतला नव्हता, कुठल्याच देवाच्या फारसा वाटेला जाणारा नव्हता, पण जिभेचा तिखट होता. आमेनभाऊ जेवणाआधी डोळे मिटून बसला की तो आपला डबा उघडून अर्धा संपवायचा आणि म्हणायचा, “दादा, तुमची प्रार्थना आणि आपली लिफ्ट, दोन्ही वरच जातात. पण लिफ्ट मध्येमध्ये थांबते तरी.”

आमेनभाऊ वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणी आजारी पडलं की दवाखान्यात पहिला हाच हजर. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे नळ, पंखे, दाराच्या कड्या तो सुट्टीच्या दिवशी जाऊन नीट करून द्यायचा आणि चहासुद्धा नको म्हणायचा. फक्त परत येताना वाटेत कुणी भेटलं आणि “कुठून स्वारी?” म्हणालं, तर तो कुठून आला हे जरा तपशिलात सांगायचा. इतकंच. एवढ्याशा गोष्टीला कोण दोष म्हणणार? मंडळीत तर त्याला पिकलेला, मुरलेला विश्वासणारा म्हणत. पुढच्या महिन्यात नवीन वडील नेमायचे होते. मंडळीचा कारभार बघणाऱ्या, अडल्यानडल्यांना सल्ला देणाऱ्या जाणत्या माणसांना मंडळीत वडील म्हणतात. त्यात त्याचं नाव जवळजवळ ठरलेलं होतं. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी तसं त्याला सुचवलंही होतं. त्याने मान खाली घालून “मी कसला योग्य?” म्हटलं होतं आणि घरी येताना सगळा रस्ता शीळ घातली होती.

त्याची बायको घरीच शिवणकाम करायची. नवीन कपडे नाही. पॅन्टची उंची कमी करणं, चेन बदलणं, बारीक झालेल्यांचं सैल आणि जाड झालेल्यांचं घट्ट झालेलं जागेवर आणणं. खिडकीपाशी मशीन, शेजारी खुंटीवर लटकलेले लोकांचे कपडे, प्रत्येकाला टाचणीने लावलेली चिठ्ठी. बोलायची कमी. तिची आई शेवटची दोन वर्षं याच घरात, आतल्या खोलीत, अंथरुणाला खिळून होती. अर्धं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं, फक्त कण्हणं उरलेलं. बायकोने तिचं सगळं केलं. आई जाऊन आता बरेच महिने झाले होते. दफनाच्या वेळी आमेनभाऊने केलेल्या प्रार्थनेची लोक अजून आठवण काढत.

एका संध्याकाळी तो कामावरून आला. हात साबणाने तीनतीनदा धुऊनही नखांतलं ग्रीस जात नाही, ते घासत तो मोरीपाशी उभा होता. बायको मशीनवर होती, पण मशीन चालत नव्हतं.

“अहो,” ती म्हणाली, “जरा इकडे बसा.”

तो हात पुसत येऊन बसला. तिने कुणाच्या तरी कोटाचं अस्तर मांडीवर घेतलं होतं आणि ते उगाच सारखं करत होती.

“मला प्रार्थना होत नाही हल्ली,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे होत नाही. गुडघे टेकते. डोळे मिटते. पुढे काही नाही. कुलूप लावलेल्या घराची कडी वाजवावी तसं वाटतं. उपासनेला येते, गाणी म्हणते, तुम्ही म्हणता ते सगळं करते. पण आत काही नाही.”

“कधीपासून?”

“आई गेली तेव्हापासून. कदाचित आधीपासून. ठाऊक नाही. तुम्ही लगेच काही सांगू नका. बायबलमधलं वचन नको, उपाय नको. आणि हे कुणाला बोलू नका. मला घाई नाही. तुमच्याशी बोलले, बास.”

“अगं, मी कशाला कुणाला बोलेन?” तो म्हणाला. आणि ते त्या क्षणी खरंच होतं.

त्यांच्या घरी दर बुधवारी प्रार्थनेला दहाबारा माणसं जमत. पुढच्या खोलीत सतरंजी, कडेला चार खुर्च्या गुडघेदुखीवाल्यांसाठी. आधी गाणं, मग थोडं बोलणं, ते बहुधा आमेनभाऊच करायचा. दार लावून एकांतात प्रार्थना करावी या विषयावर तो एकदा पाऊण तास बोलला होता, दार सताड उघडं ठेवून. मग यायच्या विनंत्या. ज्याच्या मनात जे असेल ते त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यासाठी देवापाशी मागायचं. अशी रीत. रीत चांगलीच आहे. कित्येकांना त्या सतरंजीवर आधार मिळाला होता.

त्या बुधवारी पाळकसाहेब स्वतः आले होते. विनंत्या सुरू झाल्या. कुणाचा गुडघा, कुणाच्या भाच्याची परीक्षा, कुणाच्या घरमालकाशी कटकट. पाळकसाहेब ऐकत होते. मग हसून म्हणाले, “गुडघा डॉक्टरलाही दाखवता येतो. एकमेकांना मन दाखवतो का आपण? की इथेही इस्त्रीचे कपडे घालूनच बसतो?”

खोली गप्प झाली. जो तो सतरंजीच्या रेघा मोजू लागला. आमेनभाऊला ती शांतता सोसेना. घर त्याचं, बैठक त्याची, आणि पाळकसाहेब नेमके त्याच्याकडेच बघत आहेत असं त्याला वाटलं. कुणीतरी सुरुवात करायला हवी. घरच्या यजमानाने नाही करायची तर कुणी? आपणच आधी आपल्या घरातलं उघडं केलं तर बाकीच्यांनाही धीर येईल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि तो विचार इतका चांगला दिसत होता की त्याने तो पालथा करून पाहिलाच नाही.

“मी बोलतो,” तो म्हणाला. आवाज आपोआप खाली गेला. “माझ्या घरासाठी प्रार्थना करा. माझ्या पत्नीसाठी. आई गेल्यापासून तिचा विश्वास थंड पडलाय. तिला प्रार्थना होत नाही. ती आतून… आतून रिकामी झालीये. मी नवरा म्हणून कमी पडलो.” आणि त्याचे डोळे भरून आले. खरेच भरून आले.

त्याच वेळी ती स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती.

पुढचं सगळं मायेनेच झालं. हेच त्यातलं वाईट. बालवाडीच्या बाई, म्हणजे कोपऱ्यावरची बालवाडी चालवणाऱ्या, जाड भिंगांच्या चष्म्यातल्या बाई, चटकन उठल्या, तिच्या हातातला ट्रे घेतला आणि तिला खांद्याला धरून मधोमध बसवलं. सगळे भोवती जमले. कुणी डोक्यावर हात ठेवला, कुणी पाठीवर. कुणी मोठ्याने, कुणी रडत तिच्यासाठी मागू लागलं. “हिचं अंतःकरण मऊ कर, प्रभू.” “हिच्या मनातलं दगडाचं ओझं काढ.” ती मान खाली घालून बसली होती. तिच्या बोटाला अंगठीऐवजी सुई टोचू नये म्हणून घालायची शिवणाची टोपी तशीच राहिली होती, आणि ती अंगठ्याने गोल गोल फिरवत होती. शेवटी आमेनभाऊचा आमेन झाला. मग सगळ्यांनी गार चहा प्यायला.

जाताना पाळकसाहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. “फार धैर्य लागतं याला,” ते म्हणाले.

माणसं गेल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. ती कप विसळत होती. तो तयारीत होता. ती चिडेल, रडेल, मग आपण समजावू, असं त्याने मनात मांडून ठेवलं होतं. ती म्हणाली, “साखर संपत आलीये. उद्या येताना आणा.”

“तू रागावलीस का?”

“नाही.”

“अगं, मी प्रेमापोटीच—”

“हो. कळलं मला,” ती म्हणाली आणि नळ मोठा केला.

त्यानंतर ती त्याच्याशी नीटच वागत होती. डबा वेळेवर, कपडे धुतलेले, “चहा ठेवू का?” हेसुद्धा रोजचं. फक्त त्याने काही विचारलं की एकच उत्तर, “सगळं बरं आहे.” आज कशी होतीस? सगळं बरं आहे. दमलीस? सगळं बरं आहे. पंचवीस वर्षांच्या संसारात ती कमी बोलायची खरी, पण जे बोलायची ते त्याच्याशी बोलायची. कोणतं गिऱ्हाईक कसं भांडलं, शेजारणीने काय नाटक केलं, पोटात डाव्या बाजूला कसं दुखतंय. ते सगळं बंद झालं. घर तेच होतं, पण वीज गेलेल्या इमारतीत लिफ्ट जशी मजल्यावर उभी असते, दिसायला धडधाकट आणि बटण दाबलं तर काही नाही, तसं झालं होतं.

उलट माणसं मात्र वाढली. ज्यांच्या पॅन्टला काही झालेलं नाही अशा बायका पॅन्ट घेऊन येऊ लागल्या. उंची दोन बोटं कमी करायची म्हणून आलेली बाई अर्धा तास बसायची, सुस्कारे सोडायची आणि जाताना एखादं पुस्तकाचं पान किंवा छापील पत्रक मशीनवर ठेवून जायची. एकीने तर सरळ विचारलं, “घरात काही आहे का? म्हणजे यांचं बाहेर वगैरे?” बायको म्हणाली, “चेन कोणत्या रंगाची लावू?”

मग लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेल्या मुलीचा त्याला कामावर फोन आला. “पप्पा, आईला काय झालंय? मावशी म्हणतेय तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, ती देवाला शिव्या घालते.”

“असं कुणी सांगितलं मावशीला?”

“मावशीला तिच्या मैत्रिणीने. ती म्हणे तुमच्या बुधवारच्या बैठकीत येते. पप्पा, तुम्हीच सांगितलंत ना सगळ्यांना?”

“मी तसं नाही सांगितलं,” तो म्हणाला. मुलगी म्हणाली, “बरं. मी आईशीच बोलते.” पण आईनेही तिला सांगितलं, सगळं बरं आहे.

तरीही त्याला वाटत होतं, दोष बोलणाऱ्यांचा आहे. आपण जे म्हटलं ते पवित्र हेतूने, लोकांनी त्याचं काय केलं ते लोकांनी पाहावं. हा हिशेब त्याच्या मनात पक्का बसला होता. तो मोडला एका जुन्या इमारतीत.

त्या इमारतीची लिफ्ट जाळीच्या दारांची होती. वर्षातून काही वेळा तिच्या डब्याच्या छतावर उभं राहून, तो हळूहळू खाली घेत, दोन्ही बाजूंच्या रुळांना तेल द्यावं लागतं. जोडीदार आणि तो डब्याच्या छतावर होते. डबा दोन मजल्यांच्या मध्ये थांबवलेला, हातात तेलाचं फडकं. तळमजल्यावर ‘काम चालू आहे’ची पाटी लावलेली होती. वरच्या मजल्यावर कुणी पाटी वाचत नाही. तिथे दोन बायका बटण दाबून लिफ्टची वाट बघत उभ्या राहिल्या. लिफ्टची विहीर म्हणजे आवाजाची नळीच. कुणी जिन्यात खोकलं तरी आत कानाशी खोकल्यासारखं वाटतं.

एक आवाज बालवाडीच्या बाईंचा होता. त्या याच इमारतीत राहतात हे त्याला ठाऊक होतं. दुसरी कुणी शेजारीण असावी.

“आमच्या प्रार्थनेतले भाऊ आहेत, त्यांची बायको हो. ती कपडे शिवते ती. पार विश्वास उडालाय बिचारीचा.”

“अगं बाई! काय झालं?”

“काय की. आईचं करून करून कंटाळली असेल. नवऱ्यानेच सांगितलं आम्हाला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. इतका नम्र माणूस! दुसरा असता तर झाकून ठेवलं असतं. आता वडील होणार आहेत ते.”

“आणि नशिबाला बायको अशी.”

“मी आपलं प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं. कुणाला बोलू नका.”

लिफ्ट येत नाही म्हणून त्या चपला वाजवत जिन्याने खाली गेल्या. जाळीतून त्यांच्या पायांच्या सावल्या पडल्या आणि गेल्या. आमेनभाऊ रुळाला धरून उभा होता. प्रार्थनेसाठी म्हणून. हे शब्द त्याने स्वतः किती दारांत उभं राहून, किती जणांबद्दल वापरले होते! अमक्याचं पिणं पुन्हा सुरू झालंय, प्रार्थनेसाठी म्हणून सांगतो. तमक्याच्या मुलीचं काहीतरी चाललंय, प्रार्थनेसाठी म्हणून सांगतो.

पण खरी लाज त्याला त्याची वाटली नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटली. “इतका नम्र माणूस” हे शब्द कानावर पडले तेव्हा सगळ्यात आधी, बायकोचा विचार मनात यायच्याही आधी, त्याला बरं वाटलं होतं. छातीत ऊबसुद्धा आली होती. त्याच्या बायकोला दोन बायका जिन्यात उभ्या राहून सोलत होत्या, आणि तो आत अंधारात उभा राहून आपलं कौतुक ऐकून सुखावला होता. त्या बुधवारी डोळ्यांत आलेलं पाणीसुद्धा कुणासाठी होतं, हे त्याला तिथे, त्या विहिरीत उभं असताना कळलं. त्याचा चेहरा असा तापला की त्याने फडकं उचलून तोंडावर धरलं, आणि कपाळावर, नाकावर तेल माखलं.

जोडीदाराने सगळं ऐकलं होतं. थट्टा करायची ही त्याची हक्काची वेळ. पण तो हळूच म्हणाला, “वहिनींचंच ना?”

“हं.”

“तुम्ही सांगितलंत?”

“हं.”

जोडीदाराने ग्रीसची डबी बंद केली. “माझ्या बायकोबद्दल कुणी असं बोललं असतं ना, तर मी खाली जाऊन त्यांना ऐकवलं असतं.” मग म्हणाला, “पण तुम्हाला जाता येणार नाही. त्या म्हणतील, तुमच्याकडूनच तर ऐकलं.”

त्या संध्याकाळी त्याने घरी जाऊन निश्चय सांगितला. निश्चय मोठा होता, म्हणून तो उभा राहूनच बोलला. “येत्या बुधवारी मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागणार आहे. पाळकसाहेबांनाही बोलावतो. चुकलो ते चुकलो. सगळ्यांसमोर चुकलो, तर सगळ्यांसमोर मान्य करायला हवं. गुडघ्यावर बसून मागेन.”

ती एका शर्टाची कॉलर उसवत होती. तिने ब्लेड बाजूला ठेवलं. इतक्या दिवसांनी तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“म्हणजे परत मीच,” ती म्हणाली. “आधी माझ्या अविश्वासाची गोष्ट. आता तुमच्या नम्रतेची. आणि दोन्ही वेळा चहा मीच करायचा.”

तो उभाच होता. बसावं की जावं, त्याला कळेना.

“गुडघ्यावर बसाल, रडाल. सगळे रडतील,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “मग म्हणतील, बघा, केवढा मोठा माणूस, आणि बायकोने बघा काय वेळ आणली. तुम्ही मला विचारलंत का, मला काय हवंय ते?”

“काय हवंय तुला?”

“माझं कुठे नाव निघू नये, एवढंच. एवढंच मागितलं होतं मी तुमच्याकडे. पहिल्या दिवशीच.”

त्याच्या तोंडात कितीतरी वाक्यं आली. प्रत्येक वाक्य ‘मी’ने सुरू होत होतं. तो खाली, फरशीवर बसला, तिच्या मशीनच्या पायाशी, आणि त्यातलं एकच बाहेर काढलं. “मी तुझं बोलणं विकलं,” तो म्हणाला. “मला मोठं दिसायचं होतं.”

ती म्हणाली, “हो.”

क्षमा केली, असं ती म्हणाली नाही. त्यानेही मागे लागून वदवून घेतलं नाही. तिने पुन्हा ब्लेड घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो पाळकसाहेबांकडे गेला. वडीलपद मला नको, म्हणाला. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. “का?”

इथे फार सोपं होतं. सगळं सांगितलं असतं तर पाळकसाहेबांनी पाठ थोपटली असती, डोळे पुसले असते, कदाचित पुढच्या रविवारच्या उपासनेतल्या संदेशात नाव न घेता त्याचं उदाहरणही दिलं असतं, आणि नाव न घेताही ते सगळ्यांना कळलं असतं. पण सांगायचं म्हणजे पुन्हा तिचंच सांगायचं. तो म्हणाला, “मी अजून त्या लायकीचा नाही.”

“असं सगळेच म्हणतात. खरं कारण?”

“हेच.”

“घरी काही?”

“नाही. माझ्यातच.”

पाळकसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. चांगला माणूस, पण माणूसच. “भाऊ, काही गुप्त पाप वगैरे असेल तर माझ्यापाशी मोकळं व्हा,” ते म्हणाले.

“आहे,” तो म्हणाला. “देवापाशी मोकळा होतोय. तुमच्यापाशी नको.”

झालं. मंडळीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं पैशाची अफरातफर, कुणी म्हणालं बाई, कुणी म्हणालं कामावर काही लफडं केलंय. प्रार्थनेसाठी म्हणूनच म्हणाले असतील. उपासना सुटल्यावर जी माणसं त्याच्याभोवती घोळका करायची ती आता लांबूनच हात हलवायची. त्याला ते झोंबायचं. रोज झोंबायचं. कधी कधी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो मनात भाषण रचायचा, ज्यात शेवटी सगळ्यांना सत्य कळतं आणि सगळे वरमतात. अर्ध्यावर त्याच्या लक्षात यायचं की भाषणात टाळ्या कुणाला पडतायत, आणि तो कूस बदलायचा. एवढी वर्षं आपण मोठे झालो असं समजत होतो, आणि आत्ता कुठे रांगायला लागलोय, असं त्याला वाटायचं. आणि तेही कुणाला सांगता येत नव्हतं.

बुधवारची बैठक त्याने आपल्या घरून हलवली. “आमची खोली लहान पडते,” म्हणाला. आता ती बालवाडीच्या बाईंकडे भरायची. तो जायचा, मागे भिंतीला टेकून बसायचा. एकदा विनंत्या चालू असताना बाईंनीच प्रेमाने विचारलं, “भाऊ, वहिनींचं आता कसं आहे? आम्ही रोज मागतोय हं त्यांच्यासाठी.”

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. “बाई, ते मी बोलायलाच नको होतं,” तो म्हणाला. “ते सांगायचा हक्क माझा नव्हता. तुम्हीही आता ते सोडा. पुढची विनंती कुणाची?”

बाईंचे ओठ आवळले गेले. कुणीतरी गुडघ्याचं बोलू लागलं. आमेनभाऊच्या मनात आलं, हे तिने ऐकायला हवं होतं. आणि लगेच त्याचे कान गरम झाले. घरी जाऊन तो त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. त्या दिवशी ते न बोलणं त्याला दिवसभराच्या कामापेक्षा जड गेलं.

ज्या रविवारी दुसऱ्या कुणाला वडील नेमलं, त्या दुपारी ती कुठल्याशा सभागृहाचे पडदे शिवायला बसली होती. जाड कापड, जमिनीवर ढीग. मशीन ओढ घेत होतं आणि टाके वाकडे येत होते. तो पेपर चाळत होता.

“अहो, जरा धरा हे,” ती म्हणाली. “सुईवर सगळा भार येतोय.”

तो उठला. पडद्याचा मागचा घोळ दोन्ही हातांवर घेऊन उभा राहिला आणि मशीन पुढे जाईल तसा थोडा थोडा सोडू लागला. एक अख्खी बाजू शिवून झाली. मग तिने पाय थांबवला. मान वर केली नाही.

“आई शेवटी शेवटी फार कण्हायची ना,” ती म्हणाली. “तेव्हा मी देवाला म्हणायचे, हिला आता सोडव. सगळ्यांना वाटायचं, आईचे हाल बघवत नाहीत म्हणून. तसं नव्हतं. मला झोप हवी होती. माझ्यासाठी मागत होते मी. आणि त्याच आठवड्यात ती गेली.” तिने सुईच्या टोकाशी अडकलेला दोरा बोटाने मोकळा केला. “आता डोळे मिटले की पहिलं तेच समोर येतं. मग पुढे काही बोलताच येत नाही.”

त्याच्याकडे वचनं होती. याच प्रसंगासाठी बनवलेली वाटावीत अशी, एकाहून एक. कुणा दुसऱ्याच्या घरात असता तर त्याने ती केव्हाच सांगितली असती. त्याचं तोंड उघडलं, आणि त्याला दिसलं की ती खांदे आवळून बसलीये, मार बसायच्या आधी माणूस बसतो तशी.

त्याने तोंड मिटलं. पडदा हातांवर जड झाला होता. त्याने तो जरा वर घेतला.

ती थांबली होती. तो काहीच बोलत नाही हे बघून तिने हळूच वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात गुंतले होते म्हणून ते पुसता येत नव्हतं, आणि ते दिसू नये म्हणून त्याने मान खिडकीकडे वळवली होती.

“एवढंच होतं,” ती म्हणाली.

“हं.”

दारावर थाप पडली. शेजारीण होती, तिची इस्त्री बिघडली होती. तिने आत डोकावून दोघांना बघितलं आणि म्हणाली, “काय चाललंय नवरा-बायकोचं? काही गंभीर दिसतंय!”

“पडदे मोठे आहेत, एकटीला आवरत नाहीत,” आमेनभाऊ म्हणाला. “इस्त्री ठेवून जा, संध्याकाळी बघतो.”

शेजारीण गेली. बायकोने खुर्ची पुढे ओढली, पाय पट्टीवर ठेवला आणि म्हणाली, “अजून थोडं वर धरा. हां, असं.”